खाजेचा हिशेब

त्वचेचं जुनं दुखणं असलेला कुत्रा दवाखान्यात येतो, तेव्हा मालकाच्या हातात बहुतेक वेळा एक प्लॅस्टिकची पिशवी असते. तीत अर्धवट संपलेल्या शाम्पूच्या दोन-तीन बाटल्या, माणसांच्या नायट्यावरची चुरगळलेली ट्यूब, चार गोळ्या उरलेली अँटिबायोटिकची पट्टी, कुणीतरी सुचवलेलं करंजाचं तेल आणि शेजारच्या लॅब्रॅडॉरला लागू पडलेला पावडरीचा डबा असा सगळा ऐवज निघतो. त्याची बेरीज केली, तर पहिल्याच दिवशी करता आली असती अशा साध्या तपासणीच्या कितीतरी पट भरते. कुत्र्याला नेमकं काय झालंय, एवढं मात्र त्या पिशवीतून कळत नाही.

खाजणारा कुत्रा सांभाळणं महाग पडतं, हे खरंच. पण यातला मोठा खर्च होतो तो अंदाजपंचे औषधं बदलण्यात. हात आखडता असेल, तर तो तपासणीवर आखडू नये. उपचार कोणत्या क्रमाने करायचे हे ठरलं की पैसे आपोआप वाचू लागतात.

केस गळालेत, कातडी काळी-जाड झालीय, अंगाला कुबट वास येतोय: वरून दिसणारं चित्र सगळ्या आजारांत जवळपास सारखंच. त्यामागे गोचीड-पिसवा असतील, खरजेचे किडे असतील, बुरशी असेल, जिवाणूंचा संसर्ग असेल, अ‍ॅलर्जी असेल किंवा थायरॉइडची कमतरता असेल. पुष्कळदा दोन-तीन गोष्टी एकमेकींच्या खांद्यावर बसलेल्या असतात. अ‍ॅलर्जीमुळे कुत्रा खाजवतो, खाजवल्याने कातडी फाटते, फाटलेल्या कातडीत जिवाणू शिरतात, आणि जिवाणूंमुळे खाज दुप्पट होते. मग जिवाणूंवर औषध दिलं की पंधरा दिवस बरं वाटतं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

खाज कुठे आहे, याचं निरीक्षण फुकटात होतं आणि डॉक्टरांचं निम्मं काम हलकं करतं. शेपटीच्या मुळाशी आणि पाठीच्या मागच्या भागात कुत्रा दातांनी कुरतडत असेल, तर पहिला संशय पिसवांवर. कानांच्या कडा, कोपरं आणि पोट उघडं पडलं असेल आणि रात्रंदिवस चैन नसेल, तर सारकॉप्टिस हा खरजेचा किडा. पंजे चाटून चाटून तांबूस झालेत, तोंड घासतोय, कान सारखे बिघडतायत, काखा लाल आहेत आणि हे सगळं सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू झालंय, तर हवेतल्या धुळीकणांची, परागांची अ‍ॅलर्जी, म्हणजेच अ‍ॅटोपी. कुत्रा सुस्त झालाय, खाणं तेवढंच असून वजन वाढतंय, दोन्ही बाजूंचे केस सारखेच विरळ होतायत आणि खाज मात्र फारशी नाही, तर थायरॉइडकडे बघावं लागतं.

पिसवा दिसत नाहीत म्हणून त्या नाहीतच, असं मालक छातीठोकपणे सांगतात. त्यांच्यासाठी एक घरगुती परीक्षा आहे. बारीक दातांच्या फणीने पाठ विंचरायची आणि निघालेला काळा भुसा ओल्या पांढऱ्या टिश्यूवर टाकायचा. तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे कुत्र्याचंच पचलेलं रक्त. साधी माती असेल तर डाग मातकटच राहतो.

दवाखान्यातल्या कामाच्या तपासण्याही महागड्या नाहीत. डॉक्टर कातडीची घडी चिमटीत धरतात, ब्लेडला पॅराफिनचा थेंब लावून रक्त किंचित पाझरेपर्यंत खरवडतात आणि तो चिकट थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. केसांच्या मुळाशी राहणारा डेमोडेक्स हा लांबट किडा असेल तर तिथेच सापडतो. दुसरी तपासणी याहून सोपी: पारदर्शक चिकटपट्टी कातडीवर दाबायची, निळ्या रंगात बुडवायची आणि बघायची. शेंगदाण्याच्या आकाराच्या जांभळट पेशी दिसल्या की ती मॅलॅसेझिया नावाची यीस्ट. कुबट वास बहुधा तिचाच. मेख आहे ती सारकॉप्टिसची. तो खरवडून पुष्कळदा मिळतच नाही. म्हणून डॉक्टर कानाची कड बोटांनी चोळतात. कुत्र्याचा मागचा पाय हवेत खाजवू लागला तर संशय बळावतो, आणि किडा सापडला नाही तरी उपचार सुरू केले जातात. घरातल्या माणसांच्या हातापोटावर खाजरे पुरळ आलेत का, हेही विचारतात. हा किडा माणसाला काही दिवस छळतो. डेमोडेक्स मात्र पिल्लाला जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत आईकडून मिळतो. तो माणसाला होत नाही, त्यामुळे अशा कुत्र्याला घराबाहेर बांधण्यात काही अर्थ नाही.

तपासणीनंतर क्रम येतो: आधी परजीवी, मग संसर्ग, शेवटी अ‍ॅलर्जी. हा क्रम पैशाच्या हिशेबानेही बरोबर आहे, कारण पहिल्या दोन पायऱ्यांवरच बरेच कुत्रे निम्म्याहून अधिक सुधारतात.

परजीवींच्या बाबतीत गेल्या दहा-बारा वर्षांत चित्र पालटलं. पूर्वी डेमोडेक्सच्या कुत्र्याला दर आठवड्याला अमिट्राझच्या उग्र पाण्याने आंघोळ घालत किंवा महिनोन्महिने रोज आयव्हरमेक्टिन देत. ढोरांसाठीचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन स्वस्त म्हणून आजही सर्रास टोचलं जातं. आठवड्यातून एकदा दिलेलं हे इंजेक्शन डेमोडेक्सला पुरत नाही, आणि कोली किंवा त्या वंशाच्या कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. काही कोलींमध्ये मेंदूला औषधापासून वाचवणारं एमडीआर-१ हे जनुक बिघडलेलं असतं. २००१ साली वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी हा दोष शोधला. आता अफोक्सोलानर, फ्लुरालानर, सारोलानर या गटातल्या चघळायच्या गोळ्या मिळतात. गोचीड आणि पिसवा तर मरतातच, दोन्ही प्रकारचे किडेही जातात. पहिली आणि तिसरी महिनाभर चालते, फ्लुरालानर साधारण बारा आठवडे. एका गोळीचा आकडा ऐकून माणूस दचकतो. पण दर आठवड्याची इंजेक्शनं, पावडरी आणि रिक्षाभाडं यांच्या बेरजेपुढे ती बहुधा स्वस्तच पडते. ज्या कुत्र्याला झटके येतात त्याच्याबद्दल डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये या गटाबद्दल तसा इशारा दिला आहे. गोळी वजनावर असते. वजनकाटा नसेल, तर कुत्र्याला उचलून घरच्या काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं.

कुत्र्यावर दिसतात त्या पिसवा म्हणजे एकूण पिसवांचा लहानसा हिस्सा. अंडी, अळ्या, कोष सगळे अंथरुणात आणि फरशीच्या फटीत असतात. गोचिडी भिंतीच्या भेगांत आणि दाराच्या चौकटीत. म्हणून पांघरूण गरम पाण्यात धुणं आणि कोपरे झाडणं हा उपचाराचाच भाग, आणि त्याला फक्त कष्ट लागतात. घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन असलेली कुत्र्यांची औषधं जपून वापरावीत. मांजरासाठी ती विष आहेत.

संसर्गाच्या पायरीवर शाम्पू हे खरं औषध ठरतं, आणि इथेच सगळ्यात जास्त औषध गटारात जातं. क्लोरहेक्सिडिन जिवाणूंवर चालतं, केटोकोनॅझोल किंवा मायकोनॅझोल यीस्टवर. बाटली निवडताना सुगंध आणि चित्र सोडून बारीक अक्षरातली ही नावं आणि त्यांची टक्केवारी वाचावी. फेस कातडीवर दहा मिनिटं राहिला पाहिजे. दोन मिनिटांत धुतलेला महागडा शाम्पू आणि साधं पाणी यांत फारसा फरक उरत नाही. दहा मिनिटं ओल्या, चिडलेल्या कुत्र्याला न्हाणीघरात उभं ठेवणं हे येरागबाळ्याचं काम नाही, हे मान्य. घड्याळ लावावं, भिंतीला थोडं दही किंवा शेंगदाण्याचं गोडवा न घातलेलं बटर फासावं, चाटण्यात वेळ निघून जातो. (पुढे सांगितलेली अन्नाची परीक्षा चालू असेल तर हेही बंद.) सगळं अंग माखायची गरज नसते; बिघडलेला भाग तेवढाच धुतला आणि लांब केस आधी कापले, तर बाटली दुप्पट दिवस जाते. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा-तीनदा, मग डॉक्टर सांगतील तसं. वरवरच्या संसर्गात आधी असे बाहेरून लावायचे उपाय आणि गरज पडली तरच पोटातून अँटिबायोटिक, अशी आताची वैद्यकीय दिशा आहे. अर्धवट कोर्स करून सोडलेल्या गोळ्यांमुळे स्टॅफिलोकोकस स्यूडइंटरमिडियस हा कुत्र्यांच्या कातडीवरचा नेहमीचा जिवाणू औषधांना जुमानेनासा होतो, आणि मग कल्चरची तपासणी व वरच्या दर्जाची औषधं यांचा खर्च खिशाला भगदाड पाडतो.

माणसांच्या ट्यूबबद्दल थोडं कडक बोलावं लागेल. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या मलमात बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि तीव्र स्टेरॉइड एकत्र कालवलेलं असतं. याच मलमांनी भारतात माणसांच्या नायट्याची काय दशा केली, ते कुठल्याही त्वचारोगतज्ज्ञाला विचारावं. कुत्रा तर ते चाटूनच टाकतो. जळकं ऑइल, फिनाइल, रॉकेल हे उपाय गावोगाव चालतात आणि त्यांनी कातडी भाजते, विषबाधा होते. टी ट्री तेलही नकोच. खोबरेल विषारी नाही, पण आधीच तेलकट आणि वास मारणाऱ्या अंगावर आणखी तेल चोपडून काही साधत नाही.

परजीवी गेले, संसर्ग आटोक्यात आला आणि खाज तरीही उरली, तर अ‍ॅलर्जी. अन्नाच्या अ‍ॅलर्जीसाठी रक्ताच्या, लाळेच्या, केसांच्या तपासण्या विकल्या जातात. त्यांवर भरवसा ठेवण्यासारखं काही नाही, ते पैसे वाचवावेत. खरी परीक्षा स्वयंपाकघरात होते. कुत्र्याने आजवर कधीच खाल्लं नाही असं एकच प्रथिन आणि एकच पिष्ट, आठ आठवडे, बाकी काहीही नाही. परदेशी अभ्यासांत गोमांस, दूध, कोंबडी आणि गहू हे वारंवार आढळलेले गुन्हेगार. आपल्याकडचे कुत्रे दूध-पोळी, कोंबडी-भात आणि चहाबरोबरच्या बिस्किटावर वाढतात, त्यामुळे यादीतले तीन तर घरातच बसलेले. कोंबडीवर वाढलेल्या कुत्र्याला काटे काढलेला उकडलेला मासा आणि रताळं चालू शकतं. कांदा-लसूण अजिबात नाही. खरी पंचाईत होते ती आजोबांची, ज्यांना संध्याकाळी एक बिस्किट त्याला दिल्याशिवाय चहा गोड लागत नाही. त्या एका बिस्किटाने आठ आठवडे पाण्यात जातात. खाज कमी झाली, तर जुनं अन्न पुन्हा देऊन बघायचं. ती उलटली तरच निदान पक्कं. वाढत्या पिल्लावर हा प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नये, आणि मोठ्या कुत्र्यालाही असं अपुरं जेवण कायमचं देऊ नये.

अ‍ॅटोपी बरी होत नाही, आटोक्यात ठेवावी लागते. ऑक्लासिटिनिब हे २०१३ पासून वापरात आलेलं औषध खाज झपाट्याने थांबवतं, पण मोठ्या कुत्र्याला रोज देणं अनेक घरांना झेपत नाही. मग प्रेडनिसोलोन येतं, काही रुपयांची गोळी. तिच्याबद्दल दोन टोकं दिसतात: काही जण स्टेरॉइड म्हटलं की पळतात, काही जण वर्षभर आपल्या मनाने देत राहतात. डॉक्टरांनी कमीत कमी डोसवर, दिवसाआड आणून ठेवलेली ही गोळी गरिबाघरच्या कुत्र्यासाठी रास्त पर्याय असू शकते. तिच्याने तहान, भूक आणि लघवी वाढते, दीर्घकाळ घेतल्यास मधुमेह आणि संसर्ग ओढवतात, ती एकदम बंद करता येत नाही, आणि तिच्यासोबत वेदनाशामक गोळी दिली तर पोटात अल्सर होऊ शकतो. डेमोडेक्स असताना ती दिली तर आगीत तेल. खरवडून बघण्याचं महत्त्व पुन्हा इथे कळतं. माशाच्या तेलातली ओमेगा-३ मेदाम्लं पूरक म्हणून बरी, मात्र दोन-तीन महिने वाट पाहण्याची तयारी हवी.

आपल्याला महिन्याला किती झेपेल, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगण्यात लाजण्यासारखं काही नाही. बहुतेक डॉक्टर त्याप्रमाणे आखणी बदलतात. एका साध्या वहीत रोजची खाज दहापैकी किती, काय दिलं, काय खाल्लं हे लिहिलं आणि दर रविवारी त्याच जागेचा फोटो काढला, तर फेऱ्या कमी होतात. आणि जायचं कुठे? मुंबईत परळला १८८३ पासून चालत आलेलं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आणि त्याच आवारातलं पशुवैद्यकीय महाविद्यालय. नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथली पशुवैद्यकीय महाविद्यालयं. जिल्ह्या-तालुक्याची सरकारी पशुचिकित्सालयं: इथे खाजगीपेक्षा कमी पैशांत तपासणी होते. सरकारी दवाखान्यात गायी-म्हशींची रांग मोठी असते, पण खरवडलेली काच तपासायला वेगळा सूक्ष्मदर्शक लागत नाही. कुत्र्याने चाटू नये म्हणून गळ्यात घालायची कॉलर विकत घ्यायची नसेल, तर पोटावरच्या जखमेसाठी लहान मुलाचा जुना टी-शर्ट पुरतो. शेपटीसाठीचं भोक तेवढं कापायचं.

डेमोडेक्समध्ये केस उगवले की लोक औषध थांबवतात, आणि दोन-तीन महिन्यांत पुन्हा टक्कल दिसू लागतं. महिन्याच्या अंतराने दोनदा खरवडून किडा सापडला नाही, तरच थांबायचं. रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी ही शिस्त पाळणं अवघड, तरी चघळायच्या गोळ्यांनी तिथलंही काम सोपं केलं आहे. पूर्वी खरजेच्या कुत्र्याला पकडून, बांधून, औषधाच्या पाण्यात बुडवावं लागे. आता रोज खायला घालणारी माणसं डॉक्टरांना फोटो आणि अंदाजे वजन सांगतात, गोळी कोंबडीच्या तुकड्यात दाबतात आणि तो तुकडा एकट्या त्याच कुत्र्यापुढे टाकतात. गल्लीतले बाकीचे कुत्रे तोवर दुसऱ्या टोकाला भातावर गुंतवून ठेवायचे असतात, नाहीतर गोळी सगळ्यात धष्टपुष्ट कुत्र्याच्या पोटात जाते.