एका वर्षाचे वडीलपण

विद्यापीठात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्यांना संस्थेची, तिच्या नियमांची आणि एकमेकांची ओळख व्हावी म्हणून सत्राच्या आरंभी जो कार्यक्रम आखला जातो, त्याला ओरिएंटेशन किंवा परिचय कार्यक्रम म्हणतात, आणि त्याचा विचार बहुधा नवागतांच्या सोयीपुरताच केला जातो. कार्यक्रम पार पडल्यावर किती विद्यार्थी हजर होते, त्यांना माहिती मिळाली का, त्यांच्या शंका फिटल्या का, याची विचारपूस होते. परंतु ज्या द्वितीय-तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांनी या नवागतांचे गट सांभाळले, त्यांना ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह आणि परीक्षा विभाग दाखवला, त्यांच्यात या काळात काय बदल घडला, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. वस्तुतः या कार्यक्रमातून सर्वांत खोल शिक्षण बहुधा या मार्गदर्शक विद्यार्थ्याचेच होत असते, आणि त्याचे कारण त्याच्या स्थानात आहे: तो शिक्षक नाही, पालक नाही, पण नवागताच्या बरोबरीचाही नाही, त्याच्याकडे एका-दोन वर्षांचे वडीलपण आहे आणि त्या वडीलपणाचे काय करायचे, हे त्याला आयुष्यात प्रथमच स्वतः ठरवावे लागते.

या प्रथेचे मूळ अमेरिकेतील विद्यापीठांत आहे. 1888 मध्ये बोस्टन विद्यापीठाने नवागतांसाठी घेतलेला परिचय कार्यक्रम हा तेथील आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक मानला जातो, तर साउथ कॅरोलायना विद्यापीठाने 1972 मध्ये ‘युनिव्हर्सिटी 101’ हा प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठीचा सत्रभर चालणारा अभ्यासक्रम सुरू केला. त्यामागे 1970 च्या विद्यार्थी-आंदोलनाची पार्श्वभूमी होती. विद्यार्थी आणि विद्यापीठ यांच्यात तुटलेला विश्वास पुन्हा जोडावा, हा तत्कालीन अध्यक्ष थॉमस जोन्स यांचा हेतू होता. पुढे या अभ्यासक्रमात प्राध्यापकाच्या जोडीला वरच्या वर्गातील विद्यार्थ्याला सहशिक्षक म्हणून उभे करण्याची पद्धत रुजली. विद्यार्थ्यांवर विद्यार्थ्यांचाच प्रभाव अधिक पडतो, या अनुभवाला संशोधनाचाही आधार मिळाला: अलेक्झांडर अ‍ॅस्टिन यांनी 1993 मध्ये प्रसिद्ध केलेल्या विस्तृत अभ्यासात, पदवीच्या वर्षांतील वाढीवर समवयस्कांच्या गटाइतका प्रभाव दुसऱ्या कोणत्याही घटकाचा नसतो, असा निष्कर्ष काढला.

नवागताच्या स्थितीचे वर्णन करताना अमेरिकी अभ्यासक व्हिन्सेंट टिंटो यांनी मानववंशशास्त्रातील एका कल्पनेचा आधार घेतला. आर्नोल्ड व्हान गेनेप यांनी 1909 मध्ये संक्रमणविधींची, म्हणजे जन्म, विवाह, दीक्षा अशा प्रसंगी माणसाला एका अवस्थेतून दुसरीत नेणाऱ्या विधींची, तीन टप्प्यांत मांडणी केली होती: जुन्या समूहापासून विलग होणे, मधल्या अनिश्चित अवस्थेत राहणे आणि नव्या समूहात सामावले जाणे. टिंटोंच्या मते महाविद्यालयात आलेला विद्यार्थी याच तीन टप्प्यांतून जातो आणि मधल्या टप्प्यात एकटा पडला तर शिक्षण सोडून जाण्याची शक्यता वाढते. मार्गदर्शक विद्यार्थी हा मधला टप्पा नुकताच ओलांडून आलेला असतो. नवागताला हात देण्यासाठी त्याला आपल्या त्या दिवसांकडे पुन्हा वळावे लागते, आणि जे त्याने घाईघाईने मागे टाकले होते, म्हणजे इंग्रजीतून चाललेले व्याख्यान न समजल्याची लाज, मेसमध्ये एकट्याने जेवण्याचा संकोच, पहिल्या चाचणीत कमी गुण मिळाल्यावर घरी बोललेले खोटे, त्या साऱ्याकडे तो प्रथमच शांतपणे पाहतो. अनुभव प्रत्येकाच्या वाट्याला येतो, पण तो दुसऱ्याच्या उपयोगी पडावा म्हणून शब्दांत मांडावा लागला, तरच त्याचे समजुतीत रूपांतर होते.

आर्थर चिकरिंग यांनी 1969 मध्ये तरुण विद्यार्थ्यांच्या मानसिक विकासाच्या सात दिशा सांगितल्या. कार्यक्षमता, भावनांचे व्यवस्थापन, स्वायत्तता, परिपक्व नातेसंबंध, स्वत्वाची ओळख, ध्येयनिश्चिती आणि सचोटी अशा त्या दिशा आहेत. त्यांपैकी स्वायत्ततेची दिशा येथे विशेष महत्त्वाची आहे, कारण चिकरिंग यांच्या मांडणीत ती स्वतंत्र होण्यापाशी संपत नाही, तर परस्परावलंबनाकडे, म्हणजे आपण इतरांवर आणि इतर आपल्यावर अवलंबून आहेत याच्या जाणीवपूर्वक स्वीकाराकडे, जाते. प्रथम वर्षात विद्यार्थी आपली कामे आपण करायला शिकतो. मार्गदर्शक झाल्यावर मात्र आपण वेळेवर पोहोचलो नाही तर पंधरा-वीस मुले फाटकापाशी ताटकळत उभी राहतील, आपण चुकीची तारीख सांगितली तर एखाद्याची शिष्यवृत्ती हुकेल, हे त्याला कळते. परीक्षेतील चुकीची किंमत ज्याची त्याने मोजायची असते. येथे ती दुसऱ्याला मोजावी लागते, आणि जबाबदारी या गुणाची घडण अशाच ठिकाणी होते.

भारतात या विषयाला एक वेगळी आणि वेदनादायक बाजू आहे. सीनियर आणि ज्युनियर यांच्यातील हेच एक-दोन वर्षांचे अंतर येथे दीर्घकाळ रॅगिंगचे, म्हणजे ओळखीच्या नावाखाली केल्या जाणाऱ्या छळाचे, साधन राहिले आहे. महाराष्ट्राने 1999 मध्ये रॅगिंगला प्रतिबंध करणारा कायदा केला आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कारावासाची व दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर आणि राघवन समितीच्या 2007 च्या अहवालानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने 2009 मध्ये देशभर लागू होणारे विनियम आणले. हे कायदे आवश्यकच होते. परंतु कायदा सीनियरला काय करू नये एवढेच सांगतो आणि त्याच्या भीतीने पुष्कळ ठिकाणी सीनियर व नवागत यांना एकमेकांपासून दूरच ठेवले जाते, त्यामुळे छळ थांबला तरी आधारही तुटतो. ‘आम्ही सोसले, आता तुम्ही सोसा’ या वृत्तीला खरा पर्याय सीनियरच्या हाती काही चांगले काम सोपवण्यात आहे, आणि परिचय कार्यक्रमातील मार्गदर्शकाची भूमिका हे असेच काम आहे. ज्याला स्वतःला त्रास झाला तो आपल्या पुढच्या तुकडीला तो होऊ देत नाही, तेव्हा त्याच्यातील बदल कोणत्याही शिबिरातील व्याख्यानाने होणाऱ्या बदलापेक्षा मोलाचा असतो.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2018 च्या अभियांत्रिकीच्या नमुना अभ्यासक्रमात तीन आठवड्यांच्या प्रारंभिक कार्यक्रमाचा समावेश केला, त्याआधी गांधीनगरच्या आयआयटीने 2011 पासून असा प्रयोग केला होता. 2019 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘दीक्षारंभ’ या नावाने सर्व शाखांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. मुंबईच्या आयआयटीत तर वरच्या वर्गातील विद्यार्थी अर्ज आणि मुलाखतीच्या पायऱ्या पार करून मार्गदर्शक म्हणून निवडले जातात आणि डझनभर नवागतांचा गट वर्षभर एकेकाच्या जबाबदारीवर असतो. याच संस्थेने 2023 मध्ये भेदभावविरोधी सूचना देताना, सहविद्यार्थ्याला त्याचा प्रवेश परीक्षेतील क्रमांक विचारणे अनुचित आहे, असे स्पष्ट केले, कारण त्या प्रश्नाआडून बहुतेकदा जातच विचारली जाते. ‘रँक किती?’ हा प्रश्न आपल्याकडे ओळखीचा पहिला प्रश्न म्हणून इतका रूढ आहे की तो न विचारता एखाद्याशी बोलणे कसे सुरू करावे, हेच पुष्कळांना सुचत नाही. ते सुचू लागणे, म्हणजे गाव, आवडी, प्रवास, घरची माणसे यांतून समोरच्याला ओळखता येणे, ही मार्गदर्शकाच्या सामाजिक दृष्टीतील मोठी वाढ आहे.

ऐकणे हे या कामातील सर्वांत अवघड कौशल्य आहे. नवागत एखादी अडचण सांगू लागला की आपली कहाणी पुढे करून लगेच उपाय सुचवण्याकडे मार्गदर्शकाचा कल असतो, आणि प्रशिक्षणाचा मोठा भाग हा कल आवरण्यातच खर्च व्हायला हवा. कोणती गोष्ट आपल्यापाशीच ठेवायची आणि कोणती, जीवाला धोका असल्यास, तातडीने समुपदेशकाकडे किंवा वसतिगृहाच्या अधीक्षकाकडे न्यायची, ही सीमा त्याला आधीच स्पष्ट सांगितलेली असली पाहिजे. विसाव्या वर्षी दुसऱ्याच्या नैराश्याचा भार एकट्याने उचलण्याची अपेक्षा कोणाकडूनही ठेवणे अन्यायाचे आहे. येथून पुढे हे माझे काम नाही, असे अपराधी न वाटता म्हणता येणे हीसुद्धा प्रौढपणाची खूण आहे, आणि ते म्हणताना समोरच्याचा हात न सोडता त्याला योग्य दारापर्यंत पोहोचवणे हे त्याहून कठीण आहे.

महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत अलीकडे या कामाला आणखी एक पदर मिळाला आहे. 2024-25 पासून तेथे नव्या शैक्षणिक धोरणाची रचना लागू झाल्याने 2023 मध्ये आलेल्या विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम आणि त्याच्या पाठोपाठच्या तुकडीचा अभ्यासक्रम यांत मूलभूत फरक पडला. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे दुय्यम विषय, मुक्त निवडीचे विषय, श्रेयांक साठवणारी शैक्षणिक बँक, यांतले बरेचसे त्या सीनियरने स्वतः अनुभवलेलेच नव्हते. अशा वेळी ‘आमच्या वेळी असे होते’ एवढ्यावर भागत नाही. परिपत्रके वाचावी लागतात, कार्यालयातील लिपिकाला दोनदा विचारून खात्री करावी लागते, महाडीबीटी पोर्टलवरील शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी कोणते दाखले लागतात ते समजून घ्यावे लागते, आणि ठाऊक नसेल तेथे ‘विचारून सांगतो’ असे मोकळेपणाने म्हणावे लागते. ज्या घरातून प्रथमच कोणी पदवीपर्यंत पोहोचले आहे, त्या घरच्या मुलाला नॉन-क्रीमिलेयर दाखल्याची मुदत वेळेवर सांगणारा सीनियर कोणत्याही स्वागतपर भाषणापेक्षा अधिक उपयोगी पडतो, आणि शासनाची कागदोपत्री व्यवस्था कशी चालते याचे नागरिकशास्त्र तो सीनियरही याच निमित्ताने शिकतो.

अर्थात या वाढीचे दावे तपासून घेतले पाहिजेत. मार्गदर्शकांनी स्वतःविषयी भरलेल्या प्रश्नावल्यांतून आत्मविश्वास वाढल्याचे दिसले, तरी मुळात आत्मविश्वास असलेलेच विद्यार्थी अशा कामासाठी पुढे येतात, ही शक्यता उरतेच. म्हणूनच निवडीचा प्रश्न कळीचा ठरतो. सूत्रसंचालन उत्तम करणारे, व्यासपीठावर शोभणारे विद्यार्थीच दरवर्षी निवडले गेले, तर ज्यांना या अनुभवाची सर्वाधिक गरज आहे ते बाहेरच राहतात आणि नवागतांपैकी बुजऱ्या मुलांना आपल्यासारखे कोणी दिसत नाही. पहिल्या वर्षी एखाद्या विषयात केटी लागून, म्हणजे तो विषय अनुत्तीर्ण राहूनही पुढच्या वर्गात जाऊन, नंतर तो सोडवलेला विद्यार्थी, मराठी माध्यमातून आलेली आणि दुसऱ्या सत्रापर्यंत वर्गात तोंड न उघडलेली विद्यार्थिनी, रोज लोकलने किंवा एसटीने दोन-दोन तास प्रवास करणारा विद्यार्थी, यांना प्रत्येक गटात स्थान असायला हवे. नव्या रचनेत राष्ट्रीय सेवा योजना, क्रीडा, सांस्कृतिक उपक्रम यांसारख्या सहअभ्यासक्रमांना श्रेयांक मिळतात. त्याच चौकटीत प्रशिक्षण, नोंदवही आणि प्राध्यापकांचे परीक्षण यांसह नवागतांच्या मार्गदर्शनालाही श्रेयांक दिले, तर महाविद्यालय सुटल्यावर दुकानात किंवा क्लासमध्ये अर्धवेळ काम करणाऱ्या विद्यार्थ्यालाही त्यासाठी वेळ काढणे परवडेल.