चॅटबॉटचे साधन बदलताना

सुरतच्या रिंग रोडवरील कापडबाजारात साडीच्या भावाची चौकशी आता बऱ्याचदा व्हॉट्सॲपवर होते आणि तिला पहिले उत्तर चॅटबॉटकडून मिळते. कोणी ‘भाव काय’ लिहितो, कोणी ‘रेट’, कोणी रोमन लिपीत ‘केटलाना’. उधना, लिंबायत भागांतील खानदेशी ग्राहकाची लिहिण्याची तऱ्हा आणखी निराळी. हे सर्व प्रश्न एकच आहेत, हे बॉटला एकेक वाक्य देऊन शिकवावे लागते. व्यापाऱ्याची खरी पुंजी हीच. आणि साधन बदलताना धोक्यात येते तीही हीच.

गूगलचे उदाहरण घेऊ. या कंपनीने २०१६ मध्ये एपीआय.एआय विकत घेतली आणि २०१७ मध्ये तिच्या साधनाला डायलॉगफ्लो हे नाव दिले. त्याची जुनी आवृत्ती ‘ईएस’, नवी ‘सीएक्स’. नावे जवळची असली तरी घडण वेगळी आहे. ईएसमध्ये ‘इंटेंट’, म्हणजे ग्राहकाचा हेतू, या एकाच कप्प्यात नमुना-वाक्ये, उत्तर आणि संदर्भ असे सारे असते. सीएक्समध्ये इंटेंटकडे हेतू ओळखण्याचेच काम उरते. उत्तरे ‘पेज’वर जातात आणि ही पेजे जोडून संभाषणाचा प्रवाह आखला जातो.

म्हणून स्थलांतर आपोआप पूर्ण होत नाही. नमुना-वाक्ये आणि शब्दयाद्या नेता येतात, संदर्भ मात्र जात नाहीत. ‘यातच हिरवा आहे का?’ या प्रश्नातील ‘यात’ म्हणजे कोणती साडी, हे जुन्या बॉटला संदर्भामुळे कळे. नव्यात तो धागा हाताने पुन्हा विणावा लागतो. हे काम टाळले, तर बॉट भाव बिनचूक सांगतो, पण दुसऱ्याच साडीचा.

प्रथम जुन्या बॉटची संपूर्ण प्रत उतरवून घ्यावी. ती झिप फाइलच्या रूपात मिळते. त्याहून मोलाच्या असतात ग्राहकांशी झालेल्या संभाषणांच्या नोंदी. त्यांतले शे-दोनशे प्रश्न दोन्ही बॉटना विचारून उत्तरे ताडून पाहावीत. कंपनीच्या प्रात्यक्षिकापेक्षा ही कसोटी अधिक प्रामाणिक, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. व्हॉट्सॲप क्रमांकही दुसऱ्या सेवादाराकडे न्यायचा असेल, तर त्यावरील द्विस्तरीय पडताळणी आधी बंद करावी लागते. शिवाय ग्राहकाच्या शेवटच्या संदेशानंतर २४ तास उलटले, की केवळ पूर्वमंजूर साचेबद्ध संदेशच पाठवता येतो. त्यामुळे बदलाच्या दिवशी अनुत्तरित राहिलेल्या चौकशांना दुकानातल्या माणसाने त्याच दिवशी स्वतः उत्तर द्यावे. सुरतेत हा दिवस दिवाळीच्या खरेदीत येऊ देऊ नये, म्हापशात चतुर्थीच्या.