इथेनॉलमिश्रित पेट्रोल व पडून राहणारी इंजिने

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याची प्रायोगिक योजना २००१ साली ज्या मोजक्या ठिकाणी सुरू झाली, त्यांत नाशिक जिल्ह्यातील मनमाड हे एक होय. तेव्हा मिश्रणाचे प्रमाण ५ टक्के होते. २०२५ साली ते २० टक्क्यांवर पोहोचले. त्यामुळे ऊस व मका यांना नवे गिऱ्हाईक मिळाले. मात्र इंजिनाची निगा राखण्याची रीत बदलणे आवश्यक झाले आहे.

इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. धरणावरील होडीचे किंवा द्राक्षबागेतील फवारणी-पंपाचे इंजिन अनेक आठवडे पडून राहिल्यास अर्धवट भरलेल्या टाकीत पाण्याचा अंश वाढत जातो. निफाडसारखी कडक थंडी पडली, की मिश्रणाची पाणी सामावून घेण्याची शक्ती घटते. मग इथेनॉल व पाणी एकत्र होऊन तळाशी बसतात. टू-स्ट्रोक इंजिनाचे वंगणतेल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहते. तळचा द्रव इंजिनात गेल्यास ते सुरू होत नाही, अथवा वंगणाअभावी दट्ट्या जाम होतो. केवडा रोगाच्या दिवसांत पंप असा बंद पडल्यास घड हातचे जाण्याची भीती असते.

यास्तव शेतकरी बंधूंनी पुढील काळजी घ्यावी :

(१) पेट्रोल गरजेपुरतेच आणावे व घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे.

(२) हंगाम संपताच टाकी रिकामी करून कार्ब्युरेटरमधील पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवावे.

(३) तळचे थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत स्थिर ठेवून पाहावे. दोन थर दिसल्यास ते वापरू नये. ढवळून उपयोग होत नाही.

(४) फुगलेल्या वा चिरलेल्या रबरी नळ्या त्वरित बदलाव्यात.