दहावीनंतरचे दोन तास

शाळा सुटलेल्या माणसाला महाराष्ट्रात दहावीपर्यंत पोचवणाऱ्या वाटा आहेत. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसता येतं, मुंबईत रात्रशाळा आहेत. अडचण निकालानंतर सुरू होते. दिवसभर कॅन्टीनमध्ये किंवा कुरिअरच्या गाडीवर राबून पंचविसाव्या वर्षी दहावी झालेल्याला पुढे कॉलेजात किंवा बऱ्या नोकरीत कोण पोचवतं? पेढे वाटले जातात, पेपरात फोटो येतो आणि तो पुन्हा त्याच गाडीवर.

आधीच्या पिढ्यांतल्या शहाण्या माणसांनी या प्रश्नाला आधी घड्याळाकडे बघून हात घातला होता. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये शेतकरी-मजुरांसाठी शाळा काढली ती रात्रीची. रमाबाई रानड्यांचं स्वतःचं शिक्षण लग्नानंतर, घरातल्या बायकांचे टोमणे सोसत झालेलं. त्यामुळे १९०९ मध्ये त्यांच्या पुढाकाराने पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनात प्रौढ बायकांचे वर्ग दुपारी भरत. जेवणं उरकून भांडी आवरली, की बाईला तेवढीच वेळ मोकळी मिळे. शिवाय तिथलं शिक्षण अक्षरओळखीवर थांबलं नाही. शिवणकाम होतं, शिक्षिका तयार करणारे वर्ग होते, परिचारिका होण्याची सोय होती. पांढरपेशा घरांत परिचारिकेचं काम कमीपणाचं मानलं जात असताना सेवासदनाने ते धाडस केलं. मला यातली मोठी गोष्ट वाटते ती ही, की शिकणाऱ्या बाईला शेवटी पगार कुठे मिळणार, याचा विचार वर्ग उघडतानाच झाला होता.

बाबासाहेबांनीही तेच केलं. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झालं आणि तास ठेवले सकाळचे. तास आटोपून ऑफिस गाठायचं, म्हणजे शिकण्यापायी पगार बुडत नाही.

पुढे १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आलं. बारावी न झालेल्यांनाही पूर्वतयारी शिक्षणक्रम करून पदवीला बसण्याची वाट या विद्यापीठाने खुली केली, हे त्याचं मोठं श्रेय. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीदही सुंदर. पण गंगा घरी आली तरी पाणी भरायला माणसाला सवड लागते. दहा तास उभं राहून आलेल्याने रात्री एकट्याने स्वयं-अध्ययनाचं पुस्तक उघडावं, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

दहावी आणि कॉलेज यांच्या मधल्या टप्प्यात शिकवायचं तरी काय? भाजीच्या गाळ्यावर नफा-तोटा तोंडी करणारा माणूस कागदावरच्या शेकडेवारीपाशी अडतो. हिशेब त्याला येतो, चिन्हं अनोळखी असतात. तेव्हा सुरुवात गाळ्यावरून करावी. मग दहा पानांचं प्रकरण वाचून टिपण काढणं, इंग्रजीतला अर्ज भरणं, ई-मेल लिहिणं, मुलाखतीत आपल्या कामाबद्दल न लाजता बोलणं. रात्रशाळेत अभ्यासक्रम दिवसाच्या शाळेचाच असतो आणि तास त्याहून तोकडे, त्यात हे बसवायचं कुठे? शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही.

सरकारने २०१५ पासून कौशल्य विकास योजनेत अनुभवी कामगाराच्या हातातलं कसब तपासून प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात तर कामाच्या अनुभवालाही श्रेयांक देण्याची कल्पना आहे. कागदावर उत्तम. तो श्रेयांक घेऊन गवंडी कॉलेजच्या खिडकीशी जाईल तेव्हा तिथल्या कारकुनाला हा आराखडा ठाऊक असेल का, ही माझी शंका.

प्राचार्यांना आणि संस्थाचालकांना एक विनंती करतो. नव्या योजनेची वाट पाहू नका. दहावी-बारावी झालेल्या नोकरदारांसाठी संध्याकाळी सातनंतर दोन तासांचा पूर्वतयारीचा वर्ग काढा, आणि प्रवेशाची खिडकी आठवड्यातून एक दिवस तरी त्याच वेळी उघडी ठेवा.