‘वेम’ : एका शब्दाचा अर्थप्रवास

स्कॉट्स भाषेत पोटाला ‘वेम’ म्हणतात. इंग्रजीतील ‘वूम’ हा त्याचा सहोदर. प्राचीन इंग्रजीत या शब्दाच्या ठायी उदर व गर्भाशय हे दोन्ही अर्थ नांदत होते. १४व्या शतकातील विक्लिफच्या बायबलातही भुकेल्याचे उदर याच शब्दाने निर्दिष्ट होते. पुढे इंग्रजीत अर्थसंकोच होऊन केवळ गर्भाशय उरले. स्कॉट्सने मात्र जुना अर्थ राखला. रॉबर्ट बर्न्सच्या १७८६ च्या काव्यसंग्रहात अन्नाने भरते ते ‘वेम’च. आपले ‘पोट’ही भुकेचे तसेच ‘पोटच्या लेकरा’चे. म्हणून विद्यार्थ्याच्या तोंडचा बोलीतील शब्द अशुद्ध म्हणून खोडण्यापूर्वी शिक्षकाने त्याचे मूळ अवश्य पाहावे. प्रमाणभाषेने गमावलेला अर्थ कित्येकदा बोलीनेच सांभाळलेला असतो.