सापडलेलं नाणं चिंचेने घासू नका

नांगराच्या फाळाला हिरवट झालेलं नाणं लागतं, किंवा हल्ली हौसेने घेतलेला मेटल डिटेक्टर बांधावर वाजतो, आणि पहिला प्रश्न येतो: हे किती जुनं?

महाराष्ट्राच्या मातीत असं तांब्याचं नाणं पुष्कळदा शिवराई निघते. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्रपति’, कडेने ठिपक्यांचं वर्तुळ. हातोड्याने पाडलेल्या या नाण्याची चकती पुष्कळदा ठशापेक्षा लहान असे, म्हणून सगळी अक्षरं क्वचितच उमटतात. मात्र शिवराई दिसली की ती शिवकालीनच, असं समजू नये. राज्याभिषेकाच्या काळात सुरू झालेलं हे नाणं पेशवाईत आणि पुढे एकोणिसाव्या शतकातही पाडलं जात होतं. ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेली ‘दुदांडी’ शिवराई तर बरीच उशिराची. कडा नीट गोल, जाडी सारखी, तराजूचं चित्र आणि १७९१ हे साल दिसलं, तर तो कंपनी सरकारचा मुंबईसाठीचा पैसा. तो इंग्लंडमध्ये यंत्रावर पाडलेला आहे.

हे सगळं वाचायचं तर नाणं शाबूत हवं. आपल्याकडे तांबं दिसलं की हात चिंचेकडे जातो. आम्लाने हिरवा थर निघतो आणि त्याच्याबरोबर झिजलेल्या अक्षरांच्या उरल्यासुरल्या कडाही जातात. नाण्याला चिकटलेला कापडाचा किंवा थैलीचा ठसा असेल, तर तोही गेला.

पण ज्या वस्तूवर अक्षरच नाही, तिचं काय? नुसत्या धातूचं वय कार्बन पद्धतीने काढता येत नाही. त्यासाठी सोबतचा कोळसा, धान्य, हाड लागतं. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली एका गावकऱ्याला खणताना चार भरीव ब्राँझ शिल्पं मिळाली: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ. रथात उभा असलेला माणूस जेमतेम १६ सेंटिमीटरचा, पण त्याच्यावरून नजर हटत नाही. ही शिल्पं शास्त्रीय उत्खननात निघाली नव्हती. पुढे सा. आ. साळी यांनी तिथे उत्खनन केलं आणि शिल्पं उत्तर हडप्पा काळातली मानली. पुरातत्त्वज्ञ डी. पी. अग्रवाल यांनी मात्र धातूत आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त असल्याचं दाखवून त्या काळाबद्दल शंका घेतली. एवढी मोलाची वस्तू, आणि वाद मिटत नाही, कारण ती नेमकी कोणत्या थरात होती याची नोंद काढतानाच व्हायला हवी होती.

म्हणून डिटेक्टर घेऊन गडांवर फिरणाऱ्यांना कळकळीची विनंती: खणू नका. संरक्षित स्मारकात परवानगीविना खणणं गुन्हा आहे. स्वतःच्या शेतात काही निघालं, तर आहे तिथेच फोटो घ्या, खोली मोजा, पुढचं खणणं थांबवा. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांवरच्या किमतीचं भूमिगत धन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावंच लागतं.