अनुभव : निरंक?



लागण, खोडवा, खते आणि गाळप यांविषयी आपण या पानांतून नेहमीच बोलतो. या खेपेचा विषय निराळा आहे, पण आपल्याच घरातला आहे.

साकोली तालुक्यातील एकोडी येथे एका सभासदांच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो. ऊस नोंदीचे बोलणे संपले, चहा झाला. निघताना त्यांनी हळूच एक कागद पुढे केला. "पोराचा बायोडाटा आहे जी. आयटीआय होऊन दोन वर्षं झाली. दहा जागी पाठवला, कोणी विचारत नाही. तुमची एखादी चिठ्ठी जोडता आली तर पाहा."

आम्ही कागद वाचला. आरंभीच लिहिले होते की, मी गरीब शेतकऱ्याचा मुलगा असून नोकरी दिल्यास आपला आजन्म ऋणी राहीन. त्याखाली जात, उंची, वर्ण, भावंडे. सोयरीक जुळवायला हा कागद ठीक होता! शेवटी एक ओळ : 'अनुभव : निरंक'.

पोराला जवळ बोलावले. विहिरीवरची मोटार बिघडली तर कोण पाहतो? "मीच." ट्रॅक्टर? "चालवतो, लायसन आहे." रोवणीच्या मजुरांचा हिशेब? "मीच लिहितो." मग निरंक कसे? तो म्हणाला, "ते तर घरचं काम जी. त्याले कोण अनुभव म्हणते?"

आपली गफलत होते ती इथेच. घरचे काम पगारी नोकरी नव्हे, हे खरे. तसे खोटे लिहूही नये. पण केलेले काम ते कामच. कागद वाचणाऱ्यापुढे अर्जांचा ढीग असतो. आपली अडचण किती, हे तो पाहत नाही. त्याची अडचण कोण भागवील, एवढेच पाहतो.

लिओनार्दो दा विंची हा जगप्रसिद्ध चित्रकार. साधारण १४८२ साली मिलानच्या सत्ताधीशासाठी त्याने नोकरीच्या अर्जाचे पत्र तयार केले. त्यात आधी काय सांगितले? हलके, उचलून नेता येणारे पूल, तोफा, वेढ्याच्या वेळी खंदकातले पाणी काढण्याची युक्ती. चित्रे काढता येतात हे अगदी शेवटी! समोरच्याला गरज लढाईच्या साधनांची होती, हे त्याने ओळखले होते.

आम्ही त्या ओट्यावरच कागद नव्याने लिहायला घेतला. वर नाव, गाव, चालू असलेला मोबाईल क्रमांक. मग कोणत्या कामासाठी अर्ज, ती एक ओळ. मग आयटीआयचा ट्रेड, वर्ष, गुण. आणि 'निरंक'च्या जागी : 'घरच्या शेतीवर तीन वर्षे ५ अश्वशक्तीच्या पंपाची देखभाल, स्टार्टरची दुरुस्ती, बेअरिंग बदलणे. ट्रॅक्टर चालविण्याचा परवाना. हंगामात १५ मजुरांची हजेरी व मजुरी लिहिणे.' सारे एका पानात बसले. आधार क्रमांक, जात, वर्ण गाळले. जाहिरातीत मागितले तरच द्यावे.

आणखी दोन गोष्टी. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीसारख्या सरकारी ठिकाणी जाहिरातीतला ठरावीक अर्ज आणि त्यातल्या अटीच चालतात. तिथे सुंदर बायोडाट्याचा उपयोग नाही, मुदत पाळावी. वरठीचा पोलाद कारखाना किंवा गडेगावचा ट्रकचा कारखाना अशा खाजगी ठिकाणी मात्र त्या-त्या कामाला लागू असलेली ओळ वर घ्यावी. एकच कागद दहा जागी पाठवू नये. आणि जे येत नाही ते लिहू नये. फोरमन हातात पाना देतो तेव्हा कागद मदतीला येत नाही.

राहिली चिठ्ठी. ती आम्ही दिली नाही, आणि सभासदांना थोडे वाईट वाटले. वाटणारच. पण चिठ्ठी फार तर दारापर्यंत नेते. आत गेल्यावर पोराला स्वतःच बोलावे लागते.

पुढे त्याला एके ठिकाणाहून मुलाखतीचे बोलावणे आले. पहिलाच प्रश्न : मोटार जळते कशाने? "एक फेज गेला न मोटार तशीच चालू राहिली तर जळते, साहेब. आमची दोनदा जळली." साहेब हसले आणि पुढचे विचारू लागले. नोकरी अजून लागलेली नाही. पण आता त्या घरात 'निरंक' हा शब्द कोणी लिहीत नाही.

आपल्या घरच्या पोरापोरींचा कागद आज एकदा काढून वाचा. त्यांचे काम तुम्ही रोज पाहता. ते त्यात आले आहे का, एवढे तपासा.

जय सहकार!